ओझे आणि पोत

सुरतेहून धुळ्याकडे निघालेला मालट्रक नवापूर मागे टाकून विसरवाडीला पोचतो, तेव्हा त्याच्यापुढे कोंडाईबारीचा घाट उभा असतो. पूर्वी क्रमांक 6 म्हणून ओळखला जाणारा आणि आता 53 झालेला हा राष्ट्रीय महामार्ग हजिऱ्यापासून थेट पूर्व किनाऱ्यावरच्या पारादीपपर्यंत जातो. नंदुरबार, शहादा, खेतियामार्गे सेंधव्याकडे जाणारा रस्ताही विसरवाडीलाच फुटतो. गळिताच्या हंगामात इथल्या वाहतुकीत डोकाऱ्याच्या साखर कारखान्याकडे जाणाऱ्या उसाच्या गाड्यांची भर पडते. रस्त्याचा प्रत्येक खड्डा, गतिरोधक आणि वळण आधी झेलतात ते चाकांवरचे कमानपाटे. पाटा तुटला की निवाडा लगेच होतो: माल जास्त भरला होता. हा निवाडा अर्धाच खरा आहे, असे मला ठामपणे म्हणायचे आहे. एकाच जाडीचे आणि एकाच जातीच्या पोलादाचे दोन पाटे सारख्याच ओझ्याखाली एकाच रस्त्यावर चालतात. त्यातला एक वर्षानुवर्षे टिकतो आणि दुसरा काही महिन्यांत जातो. हा फरक भट्टीतल्या काही मिनिटांत पोलादाच्या आत जो पोत तयार झाला त्याचा असतो, आणि तो डोळ्यांना दिसत नाही म्हणून कोणी त्याची चौकशीही करत नाही.

तुटलेल्या पाट्याची तूट नीट पाहिली तर निम्मी हकिगत तिथेच वाचता येते. तूट सगळीकडे सारखी नसते. एका कडेला, बहुतेक वेळा पाट्याच्या वरच्या अंगाला, गुळगुळीत आणि थोडा काळवंडलेला भाग असतो. त्यात एका बिंदूभोवती अर्धवर्तुळाकार रेषा उमटलेल्या असतात. उरलेला भाग खरबरीत, दाणेदार आणि ताजा चमकणारा असतो. गुळगुळीत भाग म्हणजे महिनोन्महिने हळूहळू सरकत गेलेली चीर, आणि भार कमीजास्त होताना ती जिथे थबकली तिथल्या या रेषा. दाणेदार भाग म्हणजे शेवटचा एकच क्षण, उरलेले पोलाद कमी पडले तो. पाटा घाटात तुटला म्हणून घाटाला दोष मिळतो, पण चीर सुरू झाली ती बरीच आधी, एखाद्या सपाट रस्त्यावर. वरच्या अंगाचे कारण सोपे आहे. पाटा मध्यभागी आसावर बसतो आणि गाडीचे वजन त्याची दोन्ही टोके खाली दाबते. कमान सपाट होऊ लागली की वरची, खोलगट बाजू ताणली जाते. चीर उघडते ती ताणाने, दाबाने नाही. ही उघडझाप किती वेळा होते, याचा ढोबळ हिशेब करून पाहावा. भरलेली गाडी स्प्रिंगवर सेकंदाला साधारण दोनदा खालीवर होते असे धरले, तर तासाला 7,200 आणि दहा तासांच्या प्रवासात 72,000 आवर्तने झाली. बहुतेक लहान असली तरी दोन आठवड्यांत संख्या दहा लाखांवर जाते. पोलादाला थकवा येतो तो असा: प्रत्येक वेळचा भार त्याच्या ताकदीच्या पुष्कळ खाली असतो, पण तो पुन्हा पुन्हा येत राहतो.

हे माणसाला कळले ते मोठी किंमत मोजून. 8 मे 1842 रोजी व्हर्सायहून पॅरिसला परतणाऱ्या रेल्वेगाडीच्या इंजिनाचा आस तुटला, डब्यांना आग लागली आणि पन्नासहून अधिक माणसे दगावली. तुटीचा शेवटचा भाग दाणेदार दिसे, म्हणून हादरे बसून लोखंडाचे स्फटिक बनतात आणि ते ठिसूळ होते, अशी समजूत त्या काळी पसरली. जर्मन रेल्वे अभियंता ऑगस्ट व्होलर याने पुढची कित्येक वर्षे आसांवर पुन्हा पुन्हा भार देऊन चाचण्या घेतल्या आणि एक मोलाची गोष्ट दाखवली: ताणाची एक मर्यादा असते, तिच्या खाली राहिले तर पोलाद कितीही आवर्तने सोसते. हीच थकवा-मर्यादा. आत काय घडते याचा उलगडा व्हायला मात्र 1903 साल उजाडले. युइंग आणि हम्फ्री या दोघांनी चकचकीत घासलेले लोखंडाचे तुकडे उलटसुलट वाकवत ठेवले आणि अधूनमधून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. काही कणांवर बारीक रेषा उमटल्या, त्या दाट झाल्या आणि त्यांतूनच चिरा फुटल्या. लोखंड आधीपासूनच स्फटिकांचे असते. चीर पडते ती त्या स्फटिकांतले थर एकमेकांवरून पुन्हा पुन्हा घसरल्यामुळे. इथून पुढे प्रश्नाचे रूपच बदलले. पोलाद किती मजबूत आहे यापेक्षा त्याच्या आत घसरणीला सर्वांत सोपी जागा कुठे आहे, हे विचारणे जास्त महत्त्वाचे ठरले.

ती जागा ठरवते उष्णता-प्रक्रिया. पाट्याच्या पोलादात साधारण अर्धा ते पाऊण टक्क्याच्या आसपास कार्बन असतो, जोडीला सिलिकॉन, मँगनीज, किंवा क्रोमियम आणि व्हॅनेडियम. हे पोलाद 850 अंशांच्या वर तापवले की सगळा कार्बन लोखंडात विरघळतो. या अवस्थेला ऑस्टेनाइट म्हणतात. आता ते हळू थंड होऊ दिले तर कार्बन बाजूला निघतो आणि मऊ फेराइट व कठीण कार्बाइड यांचे आलटून पालटून थर बसतात, चपातीच्या पापुद्र्यांसारखे. हा पर्लाइट. उलट तेलात बुडवून झपकन थंड केले तर कार्बनला निघायला वेळच मिळत नाही, तो जागच्या जागी अडकतो आणि स्फटिकाची घडण ताणून धरतो. हा मार्टेन्साइट: अतिशय कठीण, पण काचेच्या जवळ जाणारा ठिसूळ. म्हणून पाणी दिलेले, म्हणजे असे झपकन थंड केलेले, पोलाद पुन्हा 450 ते 500 अंशांच्या आसपास तापवतात, म्हणजेच टेम्पर करतात. अडकलेला कार्बन मग अतिसूक्ष्म कणांच्या रूपाने सर्वत्र सारखा विखरून बसतो. या टेम्पर केलेल्या मार्टेन्साइटमध्ये घसरणीला लांब मोकळी वाट कुठेच मिळत नाही. दर पावलाला अडथळा असतो. थकव्याविरुद्ध साधारण पोलादांत हाच पोत सर्वांत भरवशाचा, हे विसाव्या शतकाच्या मध्यापासूनच्या चाचण्यांतून वारंवार दिसले आहे.

इथे एक पुरावा जरा सविस्तर सांगण्याजोगा आहे. सुमारे 0.8 टक्के कार्बनचे एकच पोलाद घेऊन त्यात दोन पोत तयार केले: एकात कार्बाइडचे जाड थर, दुसऱ्यात त्याच कार्बाइडचे बारीक गोल कण. ओढून तोडायला लागणारी ताकद दोघांची जवळपास सारखी भरते, किंबहुना गोल कणांच्या पोलादाची किंचित कमीच. पण थकवा-मर्यादा जाड थरांच्या पोताची सुमारे 235 मेगापास्कल येते आणि गोल कणांची सुमारे 275. (हजार मेगापास्कल म्हणजे एका चौरस मिलिमीटरवर साधारण शंभर किलोचा भार.) रासायनिक घटक तेच, कार्बाइड तेवढेच, नुसती मांडणी वेगळी, आणि तेवढ्यावर थकवा-मर्यादेत सातवा हिस्सा किंवा त्याहून जास्त वाढ. कारण जाड थरांमधला मऊ फेराइट फार लवकर घसरायला लागतो. पाट्याच्या बाबतीत हेच संकट वेगळ्या वाटेने येते. भट्टी पुरेशी तापली नाही, तेल जुने व गरम झालेले होते, किंवा पाटा भट्टीतून तेलात जाईपर्यंत वेळ गेला, की मार्टेन्साइटच्या मधेमधे मऊ फेराइटची बेटे राहून जातात. पाट्याचा सरासरी कठीणपणा मोजला तर चांगला भरतो. थकवा मात्र सरासरीला विचारत नाही. तो सर्वांत मऊ बेट शोधतो आणि तिथूनच सुरुवात करतो. याच्या उलट चूकही होते. जास्त तापवले, फार वेळ भट्टीत ठेवले, तर ऑस्टेनाइटचे कण वाढतात आणि त्यांच्या सीमा चिरेला मोकळ्या वाटा होतात. चांगल्या पाट्याच्या पोलादात व्हॅनेडियम घालतात त्यामागे हे कण बारीक राहावेत हा एक मोठा हेतू असतो.

मग सरळ कठीणपणाच वाढवावा, असे कोणी म्हणेल. ही शंका रास्त आहे, कारण एका टप्प्यापर्यंत ते खरेच आहे. मध्यम कठीणपणापर्यंत पोलादाची थकवा-मर्यादा त्याच्या ओढ-ताकदीच्या निम्म्याच्या आसपास राहते आणि कठीणपणाबरोबर सरळ चढत जाते. पण कठीणपणाच्या विकर्स मापाने 400 च्या पुढे गेले की हे गणित बिघडते. आता लोखंड स्वतः इतके सशक्त झालेले असते की वितळताना आत राहिलेले मातीचे, ॲल्युमिनियम ऑक्साइडचे किंवा सल्फाइडचे सूक्ष्म कण सर्वांत कच्ची जागा ठरतात. जपानच्या क्युशू विद्यापीठातील युकिताका मुराकामी यांनी यासाठी एक साधे सूत्र मांडले, त्यात पोलादाचा कठीणपणा आणि कणाने व्यापलेले क्षेत्र एवढीच माहिती लागते. त्या सूत्राने हिशेब केला तर विकर्स 450 कठीणपणाच्या पोलादाची एरवी 720 मेगापास्कलच्या आसपास असायला हवी ती थकवा-मर्यादा, पृष्ठभागावर 30 मायक्रॉनचा एक कण असला तर सुमारे 460 वर येते. केसाच्या जाडीहूनही लहान तो कण, आणि एक तृतीयांशाहून अधिक मर्यादा गेली. म्हणून बेअरिंगचे पोलाद निर्वात भट्टीतून काढतात. कठीणपणाचा आकडा एकटा पाहून पाटा विकत घेणे म्हणजे विहिरीची खोली मोजून पाणी गोड आहे असे ठरवण्यासारखे आहे.

मार्टेन्साइट सर्वत्र हवाच, असेही नाही. नवापूर आणि खांडबारा या स्थानकांवरून जाणाऱ्या सुरत–भुसावळ मार्गावरचे रूळ मुद्दाम पर्लाइटचे असतात. जास्त भाराच्या ठिकाणी त्यांचा माथा उष्णता-प्रक्रियेने कठीण करतात तेव्हाही थर अधिक बारीक करायचे एवढेच उद्दिष्ट असते. चाक घसरून रुळाचा माथा क्षणभर तापला आणि खालच्या थंड पोलादाने तो विझवला, तर तिथे कोरा मार्टेन्साइट बनतो आणि नेमक्या त्या पांढऱ्या पापडीतून चिरा आत उतरतात. रुळाला घासणे सोसायचे असते, पाट्याला वाकणे. काम बदलले की योग्य पोत बदलतो.

पाट्याच्या बाबतीत पोताचा सर्वांत मोलाचा भाग म्हणजे वरचा अर्धा मिलिमीटर. वाकणाऱ्या पाट्याच्या मध्यरेषेवर ताण जवळपास शून्य असतो आणि पृष्ठभागावर सर्वाधिक. त्यामुळे गाभ्यात थोडा पर्लाइट राहिला तर एक वेळ चालून जाईल. पृष्ठभागाची चूक माफ होत नाही. आणि भट्टी नेमकी पृष्ठभागालाच लुटते. उघड्या ज्वाळेत तापणाऱ्या पोलादाचा वरचा कार्बन हवेतल्या ऑक्सिजनबरोबर निघून जातो, सिलिकॉन असलेल्या पोलादात तर हे विशेष घडते. मागे उरतो तो मऊ, जवळजवळ निव्वळ फेराइटचा पातळ पदर, तोही जिथे ताण सर्वाधिक तिथे. यंत्र-आरेखनाच्या पुस्तकांतले नेहमीचे आलेख सांगतात की उच्च ताकदीच्या पोलादाचा पृष्ठभाग भट्टीतून आला तसाच ठेवला, तर त्याची थकवा-मर्यादा निम्म्याहून खाली येते. याच्यावर कारखान्यात उपाय करतात तो शॉट पीनिंगचा. पोलादाच्या बारीक गोळ्या वेगाने पाट्याच्या ताण सोसणाऱ्या बाजूवर मारतात, वरचा पदर सपाटून पसरू पाहतो, खालचे पोलाद त्याला पसरू देत नाही, आणि तो कायमचा दाबाखाली राहतो. रस्त्यावरच्या ताणाला आधी हा दाब संपवावा लागतो, मगच चीर उघडते.

आता ओझ्याच्या मुद्द्याकडे वळू, कारण माझ्या म्हणण्यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप तोच आहे. पोत कितीही चांगला असला तरी भरमसाट माल भरल्यावर पाटा तुटणारच, यात वाद नाही. पोलादाचे थकव्याचे आयुष्य ताणाच्या साधारण आठव्या ते दहाव्या घाताच्या उलट प्रमाणात बदलते. जुलै 2018 मध्ये केंद्र सरकारने आसांवरच्या भाराची मर्यादा वाढवली, तेव्हा दोन आसांच्या ट्रकचे एकूण अनुज्ञेय वजन 16.2 टनांवरून 18.5 टन झाले. वाढ चौदा टक्क्यांची. पण पाट्यावरचा ताण त्याच प्रमाणात वाढला असे धरले, तर आयुष्य तिसऱ्या हिश्शावर किंवा त्याखाली येते. हा हिशेब ओझ्याविरुद्ध आहे हे मान्य. मात्र हेच गणित पोतालाही लावले पाहिजे. कार्बन गेलेल्या पृष्ठभागामुळे पाट्याची थकव्याची ताकद एक तृतीयांशाने घटली, तर त्याच घाताने आयुष्य पंचवीस ते पन्नासहून अधिक पटींनी कमी होते. कायद्याच्या मर्यादेत भरलेली, नीट चालवलेली गाडीही मग पाटा तोडते, आणि दोष चालकाच्या माथी येतो. पाटा तुटल्यावर चालकाच्या पगारातून पैसे कापणे जिथे चालते, तिथे हा प्रश्न प्रयोगशाळेपुरता उरत नाही, न्यायाचा होतो.

दुसरा आक्षेप अनुभवाचा. पिढ्यान्‌पिढ्या भट्टीजवळ काम करणाऱ्या मिस्त्रीचा डोळा चुकत नाही, असे म्हणतात. तापलेल्या लोखंडाचा रंग पाहून पाणी कधी द्यायचे ते ओळखण्यात त्यांचा हातखंडा असतो याबद्दल मला आदर आहे, आणि 850 अंशांची लाली सरावलेला डोळा बऱ्यापैकी ओळखतोही. अडचण पुढच्या पायरीची आहे. टेम्पर करताना घासलेल्या पोलादावर 230 अंशांना गवती पिवळा आणि 300 ला निळा रंग येतो. त्यापुढे तो करडा होत जातो आणि रंगाची भाषा संपते. पोलाद स्वतः अंधुक लाल दिसू लागते ते 500 च्या वर गेल्यावरच, तेही अंधारात. पाट्याला लागणारे 450 ते 500 अंश नेमके या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात येतात, जिथे कितीही तयार डोळ्याला खात्रीची खूण मिळत नाही. निळ्यावर थांबले तर अनेक पोलादांत 250 ते 350 दरम्यान येणारा ठिसूळपणा पदरी पडतो. लालीपर्यंत गेले तर पाटा मऊ होऊन लवकर बसतो. हा कौशल्याचा दोष नाही. साधन नाही, एवढेच.

बसलेल्या पाट्याला गॅसच्या ज्वाळेने तापवून पुन्हा कमान देण्याची जी सर्रास पद्धत आहे, तिच्याकडे या नजरेने पाहिले म्हणजे तिचा खरा खर्च दिसतो. ज्वाळेखाली कारखान्यातले टेम्परिंग पुसले जाते, पृष्ठभागाचा कार्बन उडतो आणि पीनिंगने दिलेला दाब सैल होतो. कमान परत येते, गाडी उंच दिसते, आणि पाटा आतून दुसराच झालेला असतो. याहून छोटी, पण जास्त घातक गोष्ट म्हणजे चेसिसचे वेल्डिंग चालू असताना पाट्यावर पडलेली ठिणगी किंवा वेल्डिंगच्या कांडीचा ओझरता स्पर्श. दोन-तीन मिलिमीटरचा ठिपका क्षणात वितळतो, भोवतालचे थंड पोलाद त्याला तितक्याच झटपट विझवते, आणि तिथे कोरा, न टेम्पर झालेला मार्टेन्साइट तयार होतो, अनेकदा केसाएवढ्या चिरेसकट. पुढे त्या ठिपक्यावर रंग लागतो आणि कोणाला काही आठवत नाही. तुटीवरच्या अर्धवर्तुळाकार रेषांचे मूळ शोधत गेले तर बोट याच ठिपक्यावर येऊन थांबते.

हे सगळे तपासायला फार मोठी यंत्रणा लागते, हाही समज काढून टाकायला हवा. पुण्यात एआरएआयसारखी वाहन-चाचणीची संस्था आहे, भारत फोर्जसारखे कारखाने आहेत, तिथे हे रोजचे काम आहे. पण तुटलेल्या पाट्यातून बोटाएवढा आडवा तुकडा न तापवता कापावा, बारीक होत जाणाऱ्या पॉलिश पेपरांवर आरशासारखा घासावा, अल्कोहोलमध्ये दोन टक्के नायट्रिक आम्ल मिसळून काही सेकंद त्यात धरावा आणि धातूंसाठीच्या साध्या सूक्ष्मदर्शकाखाली चारशेपट मोठा करून पाहावा, एवढे काम नंदुरबारच्या शासकीय तंत्रनिकेतनासारख्या संस्थेत विद्यार्थ्यांकडूनही होऊ शकते. कडेला पांढरी किनार दिसली तर कार्बन गेला आहे. मधे पांढरे ठिपके विखुरलेले असतील तर फेराइट राहिला आहे. काळपट, बारीक काड्यांची एकसारखी वीण दिसली तर भट्टीने आपले काम चोख केले होते, आणि मग ओझ्याकडे बोट दाखवायला हरकत नाही. महामार्गावरच्या गावांतल्या पाट्यांच्या दुकानांसाठी गरज आणखी थोडी आहे. तापमापक लावलेली छोटी विजेची भट्टी, जिच्यात पाटा 480 अंशांवर तासभर ठेवता येईल. तेलाच्या हौदाचे तापमान पाहण्याची सोय. वेल्डिंगच्या वेळी पाट्यांवर टाकायला एक जाड ओले पोते. आणि ग्राहकाने पाटा घेताना कठीणपणाबरोबर पृष्ठभागाच्या कार्बनची आणि पीनिंगची विचारणा करण्याची सवय. वाहतूकदारांच्या संघटना हजारो पाटे विकत घेतात. त्यांनी दर खरेदीतला एक पाटा कापून पाहण्याची अट घातली, तर पुरवठा करणाऱ्याला भट्टीचे नोंदपुस्तक दाखवावेच लागेल.